तीन घरांचा बोका

प्रिय ओर्तेन्सिया मावशी,

दार वाजवून वाजवून माझी बोटं दुखली, म्हणून हे पत्र दाराखालून सरकवते आहे. तू आत आहेस हे मला ठाऊक आहे, रेडिओ ऐकू येतो. बोलू नकोस हवं तर, पण वाच. आमच्या प्रकल्पाचं काम संपलं आणि मदत केलेल्या सगळ्यांना आभाराची पत्रं लिहायचं काम गटाने माझ्या गळ्यात मारलं. प्राध्यापकांना, जनावरांच्या डॉक्टरांना, फ्रीज उसना देणाऱ्या औषधवाल्याला एकसारखी छापील पत्रं गेली. तुला तसलं पत्र पाठवायला मन धजेना. तुझा बोका मिनिस्त्रो गेल्यापासून तू दार लावून बसली आहेस, आणि त्याच आठवड्यात जिन्यावर मला जे बोललीस ते अजून कानातून जात नाही. "तुमची ती निळी पट्टी या गल्लीत आली नसती तर तो काही न कळता सुखात गेला असता. आणि मीही सुखात राहिले असते." मला तिथल्या तिथे रडू फुटलं होतं. तू पाहिलं नाहीस, तू वळली होतीस.

खरं सांगू? तू नसतीस तर ती पट्टी झालीच नसती. आठवतं, आम्ही पाच पोरं तुझ्या स्वयंपाकघरात आलो होतो आणि पावाच्या यीस्टला आम्ही नवं काम शिकवलंय, असं तुला समजावत होतो? मांजराचं मूत्रपिंड बिघडायला लागलं की लघवीत त्याची खूण उतरते, ती दिसली की आमच्या यीस्टने कागद निळा करायचा. तू कणीक मळता मळता म्हणालीस, "म्हणजे बिचाऱ्याला फुगायचं सोडून मांजराच्या शूच्या पाठी लावलंत? शिकून सवरून हेच करायचं होतं का गं?" आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या टेकडीवर तूच फिरलीस. लोकांकडे त्यांच्या मांजराची शू मागायला तोंड लागतं, मावशी. आम्ही गेलो तर लोक दार लावून घ्यायचे, तू गेलीस की चहाही द्यायचे आणि बाटलीही. वाळूतून ती कशी गोळा करायची यावर आमच्या बैठकांवर बैठका चालल्या होत्या, आणि तू सरळ सूपचा डाव घेऊन मिनिस्त्रोच्या मागे उभी राहिलीस. त्या डावाने पुन्हा सूप वाढलंस की नाही हे मी आजवर विचारलेलं नाही.

मग तो घोळ झाला. आपल्या एकाच गल्लीतल्या तीन बाटल्यांनी कागद गडद निळा केला. तुझा मिनिस्त्रो, तुझ्या भिंतीपलीकडच्या निबाल्दोकाकांचा तिसोन आणि आमच्या घरची रोसिता. आमची तर पाचावर धारण बसली. पाण्यातच काही आहे की काय, अशी गल्लीभर बोंब झाली, माझी आई तर पाणी उकळून त्याने लादी पुसायला लागली. डॉक्टरांनी तिन्ही जनावरं शनिवारी घेऊन बोलावलं. काका रिकामी पेटी घेऊन आले. "नेमका आजच कुठे उलथलाय कोण जाणे." आई रिकामी पोतडी घेऊन आली. आणि तू आलीस बाजाराची चाकांची पिशवी ओढत, त्यातून एक काळं डोकं बाहेर. आई किंचाळली, "रोसिता!" काका ओरडले, "तिसोन!" आणि तू अशी ताठ उभी राहिलीस की बस. "हा मिनिस्त्रो आहे. माझ्या नवऱ्याने ठेवलेलं नाव आहे. मंत्री उद्घाटनाला आल्यासारखा चालतो म्हणून." मग डॉक्टरांनी रोसिताला उलटं करून आईला दाखवलं की ती रोसिता नाहीच. पोट धरून हसलो गं आपण सगळे. तीन ठिकाणी नाश्ता करणारा एकच बोका निघाला.

हसू फार वेळ टिकलं नाही. रक्त तपासून डॉक्टरांनी सांगितलं की आजार खराच आहे. बरा होणार नाही, पण वेळेत कळलाय. एकच पथ्याचं खाणं आणि भरपूर पाणी मिळालं तर बरेच दिवस चांगले जातील. पण तिन्ही घरांनी पाळलं तरच. तू दूध द्यायचीस, आई हॅम, आणि काका तळलेल्या माशाची डोकी. आता एकीने पाळायचं म्हणजे तुला निबाल्दोकाकांशी बोलायला हवं होतं, आणि तू तर त्यांच्याशी वर्षानुवर्षं बोलत नव्हतीस. मुलीच्या लग्नाच्या वेळी त्यांनी वर एक खोली चढवली आणि तुझ्या खिडकीतला समुद्र गेला. इथे माणूस एक वेळ जेवणावाचून राहील, पण समुद्र कोणी घेतला तर विसरत नाही. मला वाटलं होतं, तू बोलणार नाहीसच. पण सोमवारी सकाळी भिंतीवरून तुझा आवाज आला. "अहो समुद्रचोर, तो पाणी प्यायला का?" आणि पलीकडून, "प्यायला हो, बाईसाहेब. तुमच्यापेक्षा ऐकतो माझं."

तिथून जे झालं ते मी आमच्या अहवालात कुठे लिहू, सांग. काका आधी भिंतीशी उभे राहायचे, मग दारात, मग एका संध्याकाळी गरम मार्राकेता पाव घेऊन सरळ तुझ्या टेबलाशी चहाला. पुढे डॉक्टरांनी सांगितलेल्या सलाईनची सुई तू टोचायचीस, तो बोका काकांच्या मांडीवर, आणि काका डोळे मिटून तोंड दुसरीकडे फिरवायचे. बंदरावर जन्मभर क्रेन चालवलेला माणूस, सुई बघून घामाघूम. ही पट्टी घेऊन आम्ही स्पर्धेला जाणार होतो, त्या प्रवासाचे पैसे जमवायला गल्लीने कॉम्प्लेतादा, म्हणजे सॉसेज-पावांची विक्री मांडली, कुणाच्या आजारपणाला किंवा आगीत घर गेल्यावर मांडतात तशीच, तेव्हा त्या पावांसाठी सकाळपासून अवोकॅडो कुस्करत तुम्ही दोघं शेजारी बसला होता आणि मीठ जास्त झालं की कमी यावरून अख्ख्या रांगेसमोर भांडत होता. मला तेव्हा इतकं छान वाटलं होतं. वाटलं, आमची पट्टी कुठे पोचो न पोचो, इथवर तरी पोचली.

आणि मग ऑगस्टमधला तो वाऱ्याचा दिवस. तू खाली शहरात त्याचं सलाईन आणायला गेली होतीस. परत आलीस तर काका आपल्या दारात उभे. म्हणाले, "तो माझ्या पलंगावर गेला, झोपेतच." तुझा चेहरा मी पाहिला, मावशी. तू एवढंच म्हणालीस, "समुद्र घेतलात. आता हाही तुमच्याकडेच गेला." सलाईनची पिशवी त्यांच्या पायरीवर ठेवलीस आणि आत गेलीस. त्या दिवसापासून भिंतीच्या दोन्ही बाजू मुक्या. काका रोज पाव आणतात, तुझ्या खिडकीशी घुटमळतात आणि तसेच परत जातात. मला ते बघवत नाही.

आता ज्यासाठी हा सगळा पसारा मांडला ते सांगते. तो काकांच्या पलंगावर गेला नाही. आई गच्चीवर दोरीवरचे कपडे काढत होती, तिने सगळं पाहिलं. त्या दिवशी वाऱ्यामुळे तू स्वयंपाकघराची, त्याच्या येण्याजाण्याची खिडकी लावून गेली होतीस. काकांचं दार उघडं होतं, आमचंही होतं. तरी तो पाय ओढत तुझ्या बंद खिडकीखाली जाऊन बसला. काकांनी त्याला उचलून आपल्या घरी न्यायचा प्रयत्न केला तर तो तिथेच परत गेला. मग काका अंगातला कोट त्याच्यावर घालून तुझ्या पायरीवरच बसले, तो त्यांच्या मांडीवर, तोंड तुझ्या दाराकडे. तिथेच गेला. आई धावत खाली आली तर काका म्हणाले, "तिला सांगू नका. खिडकी बंद होती हे कळलं तर ती बाई जन्मभर स्वतःला खात बसेल. माझ्यावर चिडायची तिला सवय आहे. मला चालतं." आणि त्याला कोटात गुंडाळून आपल्या पलंगावर नेऊन ठेवलं. तुला हे सांगू नये म्हणून आई माझ्याशी कडाडून भांडली. पण काका रविवारी सकाळी मुलीकडे दूर इकिके शहरात जाताहेत, कायमचे. हे जिने आता चढायचे नाहीत, असं हृदयाच्या डॉक्टरांनी बजावलंय. वेळेत कळलं पाहिजे, हे आम्ही दोन वर्षं मांजरांबद्दल सांगत फिरलो. तुझ्या बाबतीत मी गप्प बसू कशी? माझ्यावर चीड, रड, काय वाटेल ते कर. वरच्या खोलीची चावी ते तुझ्यासाठी ठेवून जाणार होते माझ्याकडे. "समुद्र तिथून दिसतो, तिला सांग." मी घेतली नाही. चावी त्यांच्या कोटाच्या खिशात आहे, त्याच कोटाच्या. रेडिओ बंद कर, शाल घे आणि स्वतः जाऊन माग.

तुझीच,
यस्ना