हिरव्या फेल्टची बैठक

आये, तुझ्या त्या हिरव्या बैठकीसारख्याच एका मालासाठी मला गेल्या आठवड्यात बंदरावर कस्टमच्या साहेबांसमोर उभं राहावं लागलं. तू गेलीस तेव्हा मी कारखान्यात नुकती लागले होते, म्हणून आधी माझं काम सांगते. महाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा छोटा कारखाना आहे. आम्ही बाहेरच्या देशातून ताग आणि लोकर यांचं जाडजूड फेल्ट आणतो. ते मागावर विणलेलं नसतं. सुटे तंतू सुयांनी टोचून टोचून एकमेकांत अडकवलेले असतात, आणि गुंडाळी एकट्यादुकट्याला हलत नाही. माल बंदरात उतरला की तो नक्की काय आहे हे सरकारला सांगावं लागतं, कारण त्यावरून कर ठरतो. ते सांगण्याचं काम माझं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "येवढंच? मग पगार कशाचा देतात गो?"

या वेळी साहेबांनी गुंडाळी उलगडली, हिरव्या बाजूवरून हात फिरवला आणि म्हणाले, "हा तर गालिचा आहे." गालिच्याला कर जास्त. निघताना मालकांनी मला बजावलं होतं, गालिचा ठरला तर हा धंदा परवडायचा नाही, कापायची शेड बंद करू. त्या शेडमध्ये माझ्या सासरच्या गावच्या, तुडीलच्या बायका हे फेल्ट कापतात. माझी धाकटी जाऊही त्यांत आहे. तिच्या घरात दुसरी मिळकत नाही. नियम तसा सोपा आहे. जमिनीवर घातल्यावर जे वर दिसतं, ज्यावर पाय पडतो, तो गालिचा. जे त्याच्या खाली जातं आणि कुणाला दिसत नाही, ते नुसतं फेल्ट. आमचा माल खाली जाणाराच होता, पण ते साहेबांना पटायला हवं होतं.

बाबा मुंबईत ऑफिसांमध्ये गालिचे बसवायच्या कामावर होते. एका शिमग्याला ते उरलेल्या फेल्टचा मोठा तुकडा खांद्यावर टाकून गावी, कुडपणला आले. ते खाली घालायचं असतं हे त्यांनी तुला सांगितलंच नाही, की सांगून तू ऐकलं नाहीस, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तू मात्र ठरवून टाकलंस. सारवलेल्या ओटीवर हिरवी बाजू वर करून ते पसरायचं, तेही फक्त पाहुण्यांसाठी. आम्ही पोरं त्यावर पाय ठेवायला गेलो की चुलीपाशी बसून तुला कसं दिसायचं देव जाणे. "ऊठ गो तिथनं! ती तुझी बसायची जागा नाय!"

मला बघायला तुडीलची माणसं येतात तो दिवस. तू सकाळपासून त्या फेल्टवरचा कचरा वेचते आहेस. पाहुणे चढाने दमून येतात, त्यावर टेकतात, चहापोहे होतात. उठताना माझ्या होणाऱ्या नवऱ्याचे चुलते, मुंबईत नोकरी केलेले, आपली काळी पँट झटकायला लागतात. हिरवे तंतू काही केल्या निघत नाहीत. ते हसून म्हणतात, "वैनी, हे कारपेटच्या खाली टाकतात. वर नाय टाकत कोण." सगळे हसतात. तू हातातला तांब्या खाली न ठेवता म्हणतेस, "आमच्याकडं कारपेट नाय. म्हून ह्येच वर." पुन्हा सगळे हसतात, पण आता तुझ्या बाजूने. मला तुझा केवढा अभिमान वाटला होता! आणि मग त्या संध्याकाळी तू ते गुंडाळून माळ्यावर टाकलंस. माझ्या लग्नातसुद्धा काढलं नाहीस. विचारलं तर म्हणालीस, "कशाला? कपडे खराब होतात लोकांचे." चुलत्यांना मी इतकी वर्षं वाकून नमस्कार करते आहे, पण मनातून त्यांना कधी माफ केलं नाही.

साहेब माणूस भला होता. त्यांनी विचारलं ते रास्तच होतं. "जे कुणाला दिसणारच नाही त्याला रंग कशाला दिलाय?" मी म्हटलं, बसवणाऱ्याला वरची बाजू कळावी म्हणून. त्यांना पटलेलं दिसलं नाही. मग मी सरळ त्या उलगडलेल्या टोकावर बसकण मारली, जरा सरकले आणि उठले. माझी काळी सलवार हिरव्या तंतूंनी भरली होती. "बघा साहेब," मी म्हटलं, "यावर कोण बसेल? हे गालिच्याच्या खाली टाकतात. वर नाही टाकत कोणी." तोंडातून गेल्यावर कळलं, हे शब्द कुणाचे. माझाच मला राग आला. साहेब माझ्या सलवारीकडे बघत होते. त्यांनी नमुना कापून तपासणीला पाठवला आणि मला म्हणाले, जे बोललात ते लेखी द्या.

माल फेल्ट म्हणूनच सुटला. शेड चालू आहे. परवा घरी जेवताना मी चुलत्यांना ही सगळी हकिकत सांगितली, तर ते म्हणाले, "मी असं बोललेलो? मला नाय आठवत." खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नाही.

मी लिहून दिलं की ही वस्तू बसण्यासाठी किंवा चालण्यासाठी वापरण्याजोगी नाही, आणि खाली सही केली. ते खरं आहे, आये. चुलते बरोबर होते, तू चुकली होतीस, आणि हे मी सरकारला सहीनिशी कळवलंय. तू असतीस तर तुझ्यापासून लपवलं असतं. हे पत्रही कुणाला दाखवायचं नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. त्या साहेबांनी त्या दिवशीची आपली ओटी बघितली असती, तर त्यांनी तो गालिचाच ठरवला असता. आणि मी वाद घातला नसता.