चाखू नका, बाबा

अड्यार, चेन्नई
मंगळवार, ५ ऑगस्ट २००३

ती. बाबांस,
हेमलताचा शिरसाष्टांग नमस्कार.

तार पोचली असेल. तार म्हटलं की आपल्या घरात ती उघडण्याआधीच रडायला सुरुवात होते, म्हणून पहिल्यांदा हे सांगते: इथे कुणाला काही झालेलं नाही. मी ठीक. उपेंद्रही ठीक, बँकेतून आला की दहीभात खातो आणि पोळीसाठी कुरकुरतो. तारेत लिहिलं तेवढंच माझं म्हणणं आहे. फवारणीचं पाणी चाखू नका. ते वाचून तुम्ही म्हणाला असाल, पोरीचं डोकं फिरलं. तर का ते लिहिते.

आधी तुमच्या पानांचं सांगते. तुम्ही पाठवलेली सोयाबीनची पानं आमच्या प्रयोगशाळेत तपासली. शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोह कमी, हे नुसतं बघूनही कळत होतं. जस्तही कमी निघालं. वरच्या वावरात चुनखडी आहे ना, तिथे मातीत लोह असलं तरी मुळांना ते घेता येत नाही. म्हणून मातीत टाकून उपयोग नाही, पानांवरच द्यायचं. लोहासाठी हिराकस आणि जस्तासाठी झिंक सल्फेट, पाण्यात नीट विरघळवून, गाळून, ऊन उतरल्यावर. भर उन्हात फवारलंत तर पानं करपतील.

आमचे साहेब, गुरुमूर्ती सर, तुमची आठवण काढतात. दोन वर्षांपूर्वी तुम्ही इथे आला होतात तेव्हा टेबलावरच्या मातीची चिमूट जिभेवर ठेवून ‘चुनखडी’ म्हणालात, आणि दुपारी यंत्राने तेच सांगितलं. ते अजून नव्या माणसांना ही गोष्ट ऐकवतात.

बघा, भलतीकडेच चालले मी. हात धजत नाहीये लिहायला.

परवा रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, हिराकसाचं प्रमाण बरोबर पडलं की नाही ते कसं समजायचं. मी हसत म्हणाले, “तुमची जीभ आहे ना बाबा, चाखून बघा!” मग वहिनीच्या लोणच्याचं निघालं, पावसाचं निघालं. मग तुम्ही म्हणालात, उंटअळीही पडली आहे, पण दोनदा पंप पाठीवर घ्यायची ताकद नाही. तर मी, मोठी शहाणी, म्हणाले, “मग अळीचं औषध त्यातच घाला, एका फवारणीत होऊन जाईल.” तुम्ही ‘बरं’ म्हणालात आणि फोन खरखरून बंद पडला.

दोन्ही गोष्टी मीच सांगितल्या, बाबा. एकाच फोनवर. आणि दिवसभर काही वाटलं नाही मला. जेवले, झोपले, कामाला गेले.

काल संध्याकाळी घरमालकीण अलमेलू मामी सांबार करत होत्या. त्यांनी पळीतलं थोडं तळहातावर घेतलं आणि मीठ बघायला चाटलं. आणि मला फोनवरचं माझं बोलणं आठवलं. तुम्ही अगदी असंच करता. युरियाचं पाणी असो, विहिरीचं असो, बादलीत ढवळलं की हात जिभेकडे जातोच. आणि त्या अळीच्या औषधाच्या डब्यावर लाल त्रिकोण आहे. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल. मामी “एन्नम्मा, एन्नाच्चु?”, काय झालं गं, करत मला हलवत होत्या आणि मी फोनकडे धावले.

तेव्हापासून फोन फिरवते आहे. आपला लागत नाही, शेजारी नागोजीकाकांचा लागत नाही, गावाचीच लाइन गेलेली दिसते. रिसोडच्या कृषी केंद्रात लागला. तिथला माणूस “सांगतो, सांगतो” म्हणाला, पण एवढा गलबला होता की त्याने नाव तरी ऐकलं का, देव जाणे. म्हणून आज तार केली.

उपेंद्र समजूत घालतो. म्हणतो, “अगं, बोटभर तर लावतात जिभेला. थुंकून टाकतात. एवढ्याने माणसाला काही होत नाही.” याचं उत्तर मी त्याला नाही, तुम्हाला देते.

गुढीपाडव्याला मी आले होते. सुनीतीवहिनी गडबडीत आमटीत मीठच घालायला विसरली. संकेत तिचा नवरा, पण त्यानेही पहिल्याच घासाला तोंड वेंगाडलं. तुम्ही तोवर भुरके मारून “झकास झाली” म्हणून दुसऱ्यांदा वाटी पुढे केली होतीत. सगळे हसले, तुम्ही सुनेची बाजू घेताय म्हणून. मी नाही हसले. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते. तुम्हाला कळलंच नव्हतं.

ज्याला चव लागत नाही तो बोटभर चाखून थांबत नाही, बाबा. तो ओंजळ घेतो. लागत नाही म्हणून पुन्हा घेतो. हेच सारखं डोळ्यांपुढे येतंय. वरच्या वावरात बांधावर तुम्ही बसला आहात, बादलीत हात घालताय, आणि तिथे ओरडून थांबवायला कुणी नाही.

मग मला ठाऊक असताना मी ‘तुमची जीभ आहे ना’ का म्हणाले? तुम्हाला बरं वाटावं म्हणून. मला कळलंय हे तुम्हाला कळू नये म्हणून. मूर्ख आहे मी.

औषध आणि हिराकस एकत्र करूच नका. मी चुकीचं सांगितलं. आणि तोंडात गेलंच असेल, लाळ सुटली, मळमळलं, घाम फुटला, अंधारी आली, तर घरचे उपाय करत बसू नका. संकेत, तू वाचत असशील तर ऐक, डबा सोबत घेऊन बाबांना तडक वाशिमच्या दवाखान्यात ने. डबा विसरू नकोस.

हात साबणाने धुऊन मगच जेवा. एवढं ऐका माझं.

तुमची,
भ्यालेली हेमा


अड्यार, चेन्नई
गुरुवार, ७ ऑगस्ट २००३

ती. बाबांस,
सा. नमस्कार.

काल एकदाचा फोन लागला. तुमच्याशी बोलून तो ठेवला आणि तिथेच फरशीवर बसले. मामींनी कॉफी आणून दिली.

तारेपायी काय गोंधळ झाला ते संकेतने सांगितलं. वहिनीने हंबरडा फोडला, नागोजीकाका अनवाणी धावत आले, आणि तारेत काय आहे ते कुणी वाचेचना. मला हसू यायला हवं होतं. पण त्याच दमात तो म्हणाला, “ताई, फवारणी तर सोमवारीच झाली.” “बाबा कुठे आहेत?” मी ओरडले. सोमवारी मी इथे प्रयोगशाळेत निवांत पानं वाळवत होते. मग त्याने फोन तुमच्या हातात दिला.

तुम्ही म्हणालात, “कायले चाखू, पोरी? संक्रांतीच्या तापापासून मले चव लागत नाही. लोकाईसमोर नुसतीच माती ठेवतो जिभेवर, जुनी सवय म्हणून. त्या दिवशी संकेत रिसोडले गेला होता. वावरात मी एकटाच. दाखवायचं कोणाले?”

आणि मग हसलात. मला ते हसणं ऐकवेना, बाबा. देवाचे आभार मानू, की तुमच्यासाठी रडू, काही सुचेना. शेवटी दोन्ही केलं. सोमवारी वावरात चार माणसं असती तर तुम्ही त्यांच्यासमोर आपला मान राखायला ती ओंजळ प्यायला असतात, हे मनातून जातच नाही.

आता लपवायचं काही उरलं नाही. सोयाबीनची नवी पालवी हिरवी येते का तेवढं बघा आणि इकडे निघून या. डॉक्टरांना दाखवू. ते काय सांगतील याचीही मला भीती वाटते, पण या. चव परत येईल, नाहीतर नाही येणार. जेवायला मी तुमच्या शेजारीच बसेन. आमटीत मीठ कसं पडलंय ते तुम्हाला हळूच सांगेन, कुणाला कळू न देता.

तुमची,
हेमा