सहावी वाटी

॥ श्री ॥
इंद्रपुरी, भोपाळ
१५ डिसेंबर २०२४

चि. सौ. गौरी हिस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मला रडू येतं, तू तिकडून हॅलो हॅलो करत बसतेस आणि दोघींचंही बोलायचं राहून जातं. म्हणून पत्र. तुझे बाबा असते तर म्हणाले असते, एकदाची शहाणी झालीस.

आज उदयगुरुजी येऊन गेले. बाबांचं वर्षश्राद्ध पौष शुद्ध द्वादशीला, म्हणजे अकरा जानेवारीला, शनिवारी आहे. पण गुरुजी तुझ्यावर जाम भडकलेत. तू म्हणे त्यांना फोन करून बजावलंस की पानात गोड काही ठेवायचं नाही, खीरसुद्धा नाही. चाळीस वर्षांत असा निरोप कुणी दिला नव्हता म्हणाले. अगं, श्राद्धाच्या पानात खीर नाही म्हणजे काय! ऐकलं आणि माझा चहा हातातल्या हातात गार झाला. गेल्या वर्षी दहाव्यालाही तू तेच केलंस. पानावर काय, तर भरलं कारलं! कारलं बघून कावळा येईल कशाला? तेव्हा मी गप्प बसले, कारण माझंच मला भान नव्हतं. आता विचारते आहे.

माझं जेवण म्हणशील तर एकटीचं असं काय असतं? कुकर लावला की झालं. मुगाची खिचडी, वर तूप, एखादा भाजलेला पापड. जीव फारच वखवखला तर पिठलं. आज श्राद्धासाठी भांडी काढली. माझ्या आईनं लग्नात दिलेल्या सहा वाट्यांतल्या पाचच आहेत, हे तुला पाठ आहे. चौऱ्याण्णवच्या हळदीकुंकवाला शेजारच्या सुधाताईंनी नेल्या, तेव्हापासून सहावीचा पत्ता नाही. ती बाई आजही फाटकाशी दिसली की मला आधी वाटी दिसते, मग बाई.

निखिलरावांना आशीर्वाद, तन्वीला पापा. लोभ आहेच, पण खिरीचं उत्तर आधी पाठव.

तुझी आई


नागपूर
१९ डिसेंबर २०२४

ती. आईस सा. न. वि. वि.

गुरुजी भडकले तर भडकू देत. श्राद्ध त्यांच्या बाबांचं नाही, माझ्या बाबांचं आहे.

आई, मला मधुमेह निघाला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. इस्पितळातून घरी आले तर तू साखरेचे, गुळाचे सगळे डबे माळ्यावर चढवून टाकले होतेस. मी पाय आपटून रडले होते. तेव्हा बाबा माझ्या ताटाशेजारी बसले आणि त्यांनी जाहीर केलं की त्यांनाही गोड जन्मात आवडलं नाही, आजवर केवळ तुझ्या धाकानं खात होते, आता सुटले. म्हणाले, आजपासून आपला दोघांचा कारलं पक्ष. मग कुणाच्याही लग्नात गोडाचं ताट आलं की आम्ही दोघं एकदम हात आडवा धरायचो. माझ्या लग्नात त्यांनी मला घाससुद्धा कारल्याचा भरवला, तुझ्या माहेरची माणसं हसून लोळली होती.

आता औषधं सुधारली आहेत. बारा वर्षांपूर्वीच डॉक्टरांनी सांगितलं की मोजून इंजेक्शन घेतलं तर थोडंसं गोड खायला हरकत नाही. बाबांनीही एकदा हळूच विषय काढला होता, आता चालतंय तर खाऊन बघ गं म्हणून. मी त्यांनाच दटावलं की म्हातारपणी पक्ष फोडता का. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. अशा माणसाच्या पानात मी खीर वाढू?

आणि दहाव्याचं म्हणशील तर तो तास माझ्या अंगातून अजून जात नाही. घाटाच्या भिंतीवर सात तरी कावळे होते, पण एकही पानाकडे ढुंकून बघेना. मी म्हटलं, आईला सांभाळीन. मग म्हटलं, इंजेक्शन चुकवणार नाही. म्हटलं, तन्वीवर ओरडणार नाही. जे सुचेल ते कबूल केलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि उरकलं. बाबांचं असं काय राहिलं होतं, जे माझ्या लक्षात आलं नाही? वर्ष झालं, मला बाकी काही नको, एवढंच कळायला हवं आहे.

सुधाकाकूंना आता तरी सोड. तुझा लोभ आहे म्हणून तर एवढी भांडते.

तुझी गौरी


इंद्रपुरी, भोपाळ
२३ डिसेंबर २०२४

चि. सौ. गौरीस आशीर्वाद. वि. वि. वगैरे राहू दे, आधी हे वाच.

काल रविवार. कडाक्याची थंडी, चूल पेटवायचा कंटाळा आला. म्हटलं कारखान्याच्या फाटकापाशी तो मनोहर पोहेवाला बसतो, त्याच्याकडून पोहे आणावेत. कागदाच्या पुडीत शेव मऊ पडते, म्हणून स्टीलचा डबा घेऊन गेले. त्याने पोहे भरले, शेव घातली, वर जीरावन मसाला भुरभुरवला, आणि झाकण लावता लावता थांबला. झाकणावर माझं नाव कोरलेलं. त्याने हिंदीत विचारलं, तुम्ही बाबूजींच्या घरच्या का. मग देवाच्या तसबिरीमागे हात घातला आणि एक वाटी काढून माझ्यापुढे ठेवली.

गौरी, माझी वाटी! चि. सौ. सुनंदास आईकडून, १९७९. माझ्या आईनं कोरून घेतलेलं अक्षर न् अक्षर!

मी तिथल्या बाकावर बसकणच मारली. मनोहर सांगत होता, बाबूजी दर रविवारी आठ वाजता येत, त्यांना कागदाचा द्रोण चालत नसे म्हणून त्यांनी स्वतःची वाटी आणून ठेवली होती. आणि त्या वाटीत काय, तर गरम दूध आणि त्यात जिलबी! चौऱ्याण्णवपासून! एक रविवार चुकला नाही म्हणे. मला वाटायचं हे वाचनालयात पेपर वाचायला जातात. येताना भाजी आणत, मी वर कौतुक करी!

आता त्यांनी घातलेली शपथ मोडते, त्यांनीच कुठे पाळली? अगं, त्यांना गोड आवडत नाही हे साफ खोटं होतं. गोड म्हणजे त्यांचा जीव की प्राण. उज्जैनला आमच्या लग्नाच्या पंगतीत पैजेवर एकवीस जिलब्या खाल्ल्या होत्या, माझे मामा मोजायला बसले होते. तुझं दुखणं निघालं आणि त्यांनी एका दिवसात गोड सोडलं. तुला कधी सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली. मी त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडले. बासुंदी केली नाही, पुरण शिजवलं नाही, श्रीखंडाचं फडकं कुठे आहे तेही विसरले. आणि हे महाशय दर रविवारी दूध-जिलबी! तीही माझ्या माहेरच्या वाटीत! जिवंत असते तर मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नसते.

आणि सुधाताईंचं काय करू? कुठल्या तोंडाने त्यांच्यासमोर जाऊ?

वाटी आणली नाही. हातच लागेना.

तुझी आई


नागपूर
२७ डिसेंबर २०२४

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र कॉलेजला निघताना हातात पडलं. वर्गात फळ्यावर काय लिहिलं ते मला आठवत नाही. मुलं म्हणाली, मॅडम, एकच ओळ तीनदा लिहिलीत.

एकवीस जिलब्या? माझ्या बाबांनी? आणि हे तुला ठाऊक होतं? इतकी वर्षं तुम्ही दोघं माझ्यासमोर बसून नाटक करत होतात आणि मी एकटीच प्रेक्षक?

सोडलं होतं आणि मन आवरेना म्हणून खाल्लं, एवढंच असतं तरी मी हसले असते. पण आई, डॉक्टरांनी मोकळीक देऊन बारा वर्षं झाली. तन्वीच्या एकाही वाढदिवसाचा केक मी चाखला नाही. ती लहानपणी घास घेऊन मागे धावायची आणि मी तिचा हात बाजूला करायची. कोणासाठी? तर बाबांना एकटं पाडायचं नाही म्हणून! आणि बाबा तेव्हा बाकावर बसून दुधात जिलबी बुडवत होते. मला इतका राग आला आहे की रडूसुद्धा धड येत नाही.

मी श्राद्धाला येणार नाही. ज्या माणसाला मी ओळखत होते त्याचं श्राद्ध मी केलं असतं. हा जिलबीवाला कोण, मला माहीत नाही. गुरुजींना सांग, खीर करा, बासुंदी करा, हवं ते करा.

गुडघ्याला तेल लावत जा.

गौरी


इंद्रपुरी, भोपाळ
१ जानेवारी २०२५

चि. सौ. गौरी हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी फक्त ताक-भातावर काढले. मग काल सरळ सुधाताईंचं दार वाजवलं आणि वाटीची सगळी हकिगत सांगून माफी मागितली. त्यांनी डोळे मोठे केले आणि म्हणाल्या की इतकी वर्षं शिव्या खाल्ल्या त्याची भरपाई कोरड्या माफीवर होणार नाही, पोहे खिलवा. म्हणून दोघी मनोहरकडे गेलो. दोन प्लेट खाल्ल्या बाईंनी, वर कचोरी.

मी मनोहरला म्हटलं, आता सगळं सांग, बाबूजी किती जिलब्या खायचे. तो म्हणाला, अर्धी.

मला वाटलं थट्टा करतोय. पण नाही गं. चौऱ्याण्णवच्या थंडीत ते पहिल्यांदा आले, एक जिलबी मागितली, आणि हातात धरून नुसते बसून राहिले. खाताही येईना, टाकताही येईना. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मनोहर तेव्हा नवा होता, घाबरला. त्याने गरम दूध आणून दिलं. तेव्हा ते बोलले की घरी मुलगी आहे, तिला हे आता कधीच खाता येणार नाही, तिच्या वाटणीचं माझ्या घशाखाली उतरत नाही. मग त्यांनी जिलबीचे दोन तुकडे केले. अर्धा आपल्या दुधात टाकला, आणि अर्धा मागच्या भिंतीवर ठेवून म्हणाले, हा गौरीचा. तो कावळ्याने नेला.

तेव्हापासून दर रविवारी एकच जिलबी. अर्धी त्यांची, अर्धी तुझी. दुसरी कधी मागितली नाही. एकवीस खाणारा माणूस आठवड्याला अर्धीवर आला होता, आणि मी त्यांना चोर ठरवून मोकळी झाले. मनोहर सांगतो, कावळे आठच्या आधीच भिंतीवर येऊन बसत, बाबूजी दिसले की कालवा करत. सुधाताईंचा घास हातात तसाच राहिला. मी काय केलं ते लिहीत नाही.

तू ये. मनोहरला जिलबी सांगून ठेवली आहे. आणि नाही आलीस तर गच्चीवर पान कोण नेणार? माझे गुडघे तीन पायऱ्यांवरच राम म्हणतात. रागावलीस तर रागाव, पण इथे येऊन रागाव.

वाट बघणारी,
तुझी आई


नागपूर
१६ जानेवारी २०२५

ती. आईस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. तू दिलेल्या वड्यांवर तन्वी आणि निखिल दोघंही तुटून पडले. खिचडी-पापडावर दिवस काढू नकोस, सुधाकाकूंबरोबर जेवत जा. त्यांची भरपाई अजून बाकी असेल.

त्या दिवशी गच्चीवरून खाली आले आणि तुला ‘कावळा शिवला’ एवढंच म्हटलं. तू दोनदा विचारलंस, कसा, कधी. मला बोलताच आलं नाही. आता लिहिते.

पानावर तू केलेली खीर होती, वडे होते, कारलं होतं आणि मनोहरकडची जिलबी होती. समोरच्या टाकीवर कावळे बसले होते. मी हात जोडून म्हटलं, बाबा, मला सगळं कळलंय, आता या. एकही हलला नाही. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली. गुरुजी पिशवीत दर्भ शोधायला लागले. म्हटलं, जिलबीसुद्धा ठेवली, आता काय राहिलं? पुन्हा तेच?

आणि एकदम डोक्यात लख्ख झालं. आई, आपण अख्खी जिलबी ठेवली होती. बाबांनी अख्खी कधी ठेवलीच नव्हती. आणि आठवलं, एकदा हळूच म्हणाले होते, चालतंय तर खाऊन बघ गं. मीच त्यांना गप्प केलं होतं. त्यांना दुसरं काही नको होतं, मी खाल्लेलं बघायचं होतं.

मी खाली येऊन साखर तपासली, मोजून इंजेक्शन घेतलं, तुला वाटलं तांब्या न्यायला आले. वर जाऊन जिलबीचे दोन तुकडे केले आणि एक तोंडात घातला. गुरुजी अहो अहो करून ओरडले, श्राद्ध करणाऱ्याने आधी खाल्लेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. मी एकतीस वर्षांनी जिलबी खात होते आई, पाक हनुवटीवर ओघळत होता आणि मी उन्हात उभी राहून लहान मुलीसारखी हमसून रडत होते. दुसरा तुकडा पानावर ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, हा बाबांचा.

हात मागे घ्यायच्या आत कावळ्याने तो नेला.

 गुरुजींनी दर्भ पिशवीत ठेवला, डोळे पुसले आणि म्हणाले की हे कुणाला सांगू नका. तेव्हा तूही सांगू नकोस. सुधाकाकूंना सांगितलंस तर चालेल.

वाटी मनोहरकडेच राहू दे. पुढच्या महिन्यात एका रविवारी येईन, तेव्हा आपण दोघी त्या बाकावर बसू. आणि परवा तन्वीने घास पुढे केला, तो मी खाल्ला.

जिलबी अर्धी पुरते. लोभ मात्र अर्धा नको, अख्खा असू दे.

तुझी गौरी