दोन एक्के आणि धाकटीची जागा

मी, शिलाई मशीन दुरुस्त करणारी, वय वर्षे बहात्तर, पूर्ण शुद्धीत आहे, कुणाच्याही दबावाखाली नाही आणि चष्मा पुसून बसले आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. सर्जन म्हणतात, काळजीचं काही कारण नाही. पण हे त्यांनी तीन वेळा सांगितलं, म्हणून हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. याआधीचं मृत्युपत्र मी रागाच्या भरात केलं होतं. ते रद्द समजावं.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि गॅलरी, तसंच बँकेतली ठेव माझ्या मुलीला मिळावी. ती दातांची डॉक्टर आहे आणि माझ्या पत्त्यांना "तुझा तो जुगार" म्हणते. तिने आधी न्हाणीघरातला नळ बदलून घ्यावा. मी चौदा वर्षं बदलते बदलते म्हणतेच आहे.

कलम २. दुकान आणि त्यातली सगळी हत्यारं, तेलाच्या कुप्या व सुट्या भागांचे डबे माझ्याबरोबर एकोणीस वर्षं काम करणाऱ्या बाईंना मिळावेत. त्या मशीन उघडण्याआधी चाक हाताने फिरवून कान देतात आणि बिघाड ओळखतात. हे मी त्यांना शिकवलं, असं गिऱ्हाइकांना सांगत आले. खरं तर त्यांनी मला शिकवलं. चूक इथे दुरुस्त करत आहे.

कलम ३. माझ्या थोरल्या दिरांना ड्रिल मशीनची रिकामी पेटी. ड्रिल त्यांनी सतरा वर्षांपूर्वी "दोन दिवसांसाठी" नेलं. पेटीही न्यावी, म्हणजे विषय मिटेल.

कलम ४. हे कलम लांबणार आहे. वकीलबाईंनी थोडक्यात लिहा म्हणून बजावलं होतं, पण त्या पोकर खेळत नाहीत.

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी पोकरची एक छोटी स्पर्धा होते. तिला सॅटेलाइट म्हणतात. तिचं बक्षीस रोख नसतं, वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या स्पर्धेतली जागा असते. तीन जागा असतील, तर पहिल्या तिघांना अगदी सारखं तिकीट. समोर प्लास्टिकच्या चकत्यांचा डोंगर असलेल्याला जे मिळतं, तेच एका चकतीवर तग धरून राहिलेल्याला. चौथा मात्र हात हलवत घरी. इतकं साधं आहे, आणि हे कळायला मला आठ वर्षं लागली.

आठ वर्षांपूर्वी मी आणि माझी धाकटी बहीण, निवृत्त भूगोल शिक्षिका, अशा सॅटेलाइटमध्ये एकाच टेबलावर आलो. जागा तीन, उरलेले खेळाडू चार. आम्हा दोघींपुढे भरपूर चकत्या. तिसरा एक फुलवाला, त्याचंही बरं चाललं होतं. चौथा होता कोपऱ्यावरच्या सलूनचा मालक. त्याच्याकडे तीन चकत्या. पुढच्या डावात नियमाने त्याला त्या लावाव्याच लागणार होत्या, आणि चकत्या संपल्या की खेळाडू बाद. आम्ही नुसतं हाताची घडी घालून बसायचं होतं.

आणि मला दोन एक्के आले. पोकरमध्ये याहून भारी सुरुवात नाही.

"सगळ्या," मी म्हणाले आणि ढीग पुढे लोटला.

धाकटीने आपली पानं पाहिली. तिच्याकडे दोन बादशहा. तिच्याकडे माझ्यापेक्षा थोड्याच जास्त चकत्या होत्या.

"मीपण," ती म्हणाली.

टेबलावरच्या सामाईक पानांत तिसरा बादशहा उघडला, तीन बादशहांपुढे माझे दोन एक्के हरले आणि मी चौथी आले.

"सख्ख्या बहिणीला बाद केलंस!" मी सगळ्यांदेखत ओरडले.

"ताई, आधी तूच सगळ्या लावल्यास ना?"

मी पर्स उचलून निघाले. त्या दिवसापासून आम्ही बोललो नाही. म्हणजे मी बोलले नाही. तिचे फोन आले, मी उचलले नाहीत. वर्षभराने ते यायचे थांबले.

सलूनवाल्याला तीन चकत्यांवर जागा मिळाली. जिन्यात गाठून तो म्हणाला, "बाई, एक्के चांगलेच होते. पण तुम्हाला आणखी चकत्या हव्या होत्या कशाला?" मला तो कुचकटपणा वाटला. तो सरळ मनाने विचारत होता.

गेल्या महिन्यात पुन्हा तीच वेळ आली. जागा चार, उरलेले पाच, माझ्यापुढे पुरेशा चकत्या आणि हातात दोन एक्के. माझ्याआधी एकाने सगळ्या लावलेल्या. मी एक्के दोनदा पाहिले आणि पालथे टाकून दिले. त्याच डावात दुसरा कुणी बाद झाला आणि मला जागा मिळाली.

मी बाथरूममध्ये जाऊन एकटीच हसत सुटले. मग रडू आलं. एक्के टाकून देण्यातली मजा सांगावी असं माणूस एकच होतं आणि त्याचा नंबर मी आठ वर्षं फिरवला नव्हता. तेव्हाही फिरवला नाही. कोणत्या तोंडाने बोलायचं, याची लाज वाटली.

तरी लिहून देते की, चूक माझी होती. मोठी स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. आदल्या दिवसापर्यंत तिकिटावर बदली नाव घालता येतं. ही जागा धाकटीला मिळावी.

स्थळ: माझं स्वयंपाकघर. दिनांक: ६ मार्च.
सही: मशीनवाली
साक्षीदार: १) शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर २) समोरच्या इमारतीतल्या संगीत शिक्षिका

पुरवणी

झडप बसली. मी आहे.

मृत्युपत्र आणि तिकीट घातलेला लिफाफा मुलीकडे दिला होता आणि उघडायचा नाही म्हणून सांगितलं होतं. तिने ऑपरेशन चालू असतानाच तो उघडला आणि मावशीला फोन केला. मी डोळे उघडले तर खाटेशेजारी धाकटी. केस पूर्ण पांढरे, पर्स मांडीवर.

"खरंच टाकलेस एक्के?" तिचा पहिला प्रश्न.

"टाकले."

"दोन्ही?"

"एक टाकता येतो का गं?"

ती इतकी हसली की नर्स धावत आली. मला हसायला मनाई होती, टाके होते. मग तिने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"तिकीट दे इकडे," मी म्हणाले.

"मृत्युपत्रात माझ्या नावावर आहे."

"पण मी मेले नाहीये!"

"त्याला मी काय करू, ताई?"

पण तिकीट तिने परत केलं आणि रविवारी स्वतः सॅटेलाइटला जाऊन बसली. शेवटची जागा घेऊन आली, उरलेल्या दोन चकत्यांवर. आता आम्ही दोघी मोठ्या स्पर्धेला जाणार आहोत. सर्जनांनी परवानगी दिली आहे, उत्साह आवरायच्या अटीवर. सबब कलम ४ रद्द. बाकी सगळं कायम, ड्रिलच्या पेटीसकट.

वकीलबाई म्हणतात, ज्याला काही मिळणार त्याची साक्ष टाळावी. धाकटीला आता माझ्याकडून काहीच मिळत नाही, म्हणून तिची सही घेतली आहे. सही करताना म्हणाली, "आठ वर्षांनी भेटले आणि हाती लागलं काय, तर पेन."

स्थळ: रुग्णालय, दुसरा मजला, खिडकीजवळची खाट. दिनांक: २१ मार्च.
सही: मशीनवाली
साक्षीदार: १) दिवसपाळीच्या नर्सबाई २) धाकटी