कमानीचा डावा पाय

गगनबावडा, १२ जानेवारी २०२५

ती. मीनावहिनींस सप्रेम जय भीम. वि. वि.

इथे फोन लागत नाही, म्हणून एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती पत्र देतोय. विश्वजितदादा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची तयारी झाली. मांडवाला जागा पुरेना, म्हणून घराशेजारचा ओढ्याचा काठ जेसीबीने कापून सपाट केला. ड्रायव्हर म्हणाला, चहा व्हायच्या आत निघतीया की माती. निघालीही. हॉलच्या फरशीला कालपासून चीर दिसते. जुनं घर, चालायचंच. लवकर या. लोभ आहे तसा राहू द्या.

तुमचा दीर,
प्रसेनजीत

कोल्हापूर, १३ जानेवारी

चि. प्रसेनजीत, अ. आ.

आधी सगळ्यांना घराबाहेर काढ. सामान राहू दे.

आपलं घर ओढ्यावरच्या कमानीवर उभं आहे. वरच्या वजनाने कमान दोन्ही पायांनी काठांना बाहेर ढकलते. काठ तिला उलट रेटतात, म्हणून ती टिकते. तू डाव्या पायामागचा रेटाच काढलास. ह्यांनी बांधताना हे समजावलं होतं, तेव्हा तू वाळूच्या ढिगावर घोरत होतास.

कार्यक्रम माझ्याकडे होईल. ह्यांचे मित्र अण्णासो इंजिनियर उद्या तिकडे पोचतील. ते सांगतील तसं कर.

मी ठीक आहे. रडू येत नाही, एवढंच. येणारेजाणारे त्याचीच काळजी करतात. तू करू नकोस. माया ठेव.

मीनावहिनी

गगनबावडा, २१ जानेवारी

ती. वहिनींस जय भीम. वि. वि.

अण्णासो म्हणाले, पाय सरकलाय, कमान माथ्यावर फुटलीय. माती परत भरून उपयोग नाही, घर उतरवावं लागेल. गावात म्हणतात, भावाच्या कार्यासाठी भावाचंच घर पाडलं या शहाण्याने. खरंच आहे.

घर तुमच्या नावावर. एक मागतो. वरचं घर जाऊ द्या, कमान तेवढी दादांची आठवण म्हणून ठेवूया. नाही म्हणू नका.

प्रसेनजीत

कोल्हापूर, २२ जानेवारी

चि. प्रसेनजीत, अ. आ.

नाही. कमानही पाडा. फुटलेल्या कमानीखालून बायका धुणं घेऊन जातात. ह्यांनी ती एक दिवससुद्धा ठेवली नसती.

अण्णासोंना संमती कळवली आहे. आधी खालून टेकू द्या, मग छत उतरवा, दोन्ही बाजूंनी सारखं. घाई नको. मी येणार नाही.

लोकांना बोलू दे. तू ह्यांच्याच माणसांना बसायला जागा केलीस, मला तेवढं पुरे.

तू नि तुझी बायको सोनम, दोघं इकडे राहायला या. ह्यांची खोली आज रिकामी केली. कपडे बांधून ठेवलेत. शर्ट तुला होतील, बाह्या थोड्या लांब पडतील.

दोघांवर माया आहेच.

मीनावहिनी