मरण विसरलेल्या पेशी

२२ सप्टेंबर, सोमवार
उद्या ऑपरेशन. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर माझे स्वरतंतू दाखवले. त्यांवर तुतीच्या फळासारखी पांढुरकी वाढ. विषाणूमुळे, बोलण्यामुळे नव्हे, हे दोनदा सांगितलं. मला ते रुचलं नाही. भाषणं करून घसा गेला असता तर निदान मान राहिला असता.
सभेनंतर करू का, विचारलं.
"जिना चढताना धाप लागते ना? श्वासाची वाट अडतेय, ताई. थांबायचं नाही."
५ ऑक्टोबरला तिसगावची सभा. ऊसतोडीला निघणाऱ्या बायांची. दर वर्षी त्यांच्याकडे एकच मागते: पोरींना फडात नेऊ नका, त्यांची लग्नं उरकू नका, वसतिगृहात ठेवा. एकही वर्ष चुकलेलं नाही.

२४ सप्टें., बुधवार
घरी. दोन आठवडे मौन. पाटी, खडू.
वसंत म्हणाला, "लग्नाला तीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा माझं वाक्य पुरं झालं बघ." पाटीवर लिहिलं, माजू नकोस. हसला. मग उगाचच नळ गळतोय का बघायला उठला.

२६ सप्टें., शुक्र.
डॉक्टरीणबाईंचं परवाचं बोलणं डोक्यातून जात नाही. विषाणू शिरला की पुष्कळदा पेशी स्वतःहून मरते. त्याला वाढायला घर उरत नाही, शेजारच्या पेशी वाचतात. हा विषाणू मात्र मरायचा तो निरोपच दाबून टाकतो. पेशी मरण विसरते, वाढत सुटते. वाढ काढली तरी आसपासच्या धडधाकट दिसणाऱ्या पेशींत तो दडून असतो.
आणि मी जन्मभर व्यासपीठावरून काय गर्जत आले? मरायला नकार द्या!
वेळेवर मरणं हेही शौर्य, असं एक भाषण यातून सहज निघेल. टाळ्याही पडतील. पण मला आत्ता शहाणपण नको आहे. आवाज हवा आहे.

२८ सप्टें., रवि.
ठरलं. भाषण मी लिहायचं, वसंतने वाचायचं. नागापूरच्या कारखान्यात लेथ मशीनवर उभा राहणारा माणूस. चार जणांत पाणी मागायलाही लाजतो.
कुठे थांबायचं, कुठे चढवायचं, हे पाटीवर कसं लिहिणार? कानाशी कुजबुजून सांगितलं. तासभर. कुजबुज म्हणजे बोलणं नव्हे, असा माझाच निकाल.

३० सप्टें., मंगळ.
ड्रेसिंग नाही, टाके नाहीत, तरी तपासणी. डॉक्टरीणबाई भडकल्या. "कुजबुजलात? त्याने तंतूंवर जास्त ताण येतो! जखम ओली आहे." पाटीवर विचारलं, वाढ परत येईल का? "त्याने नाही. पण भरायला वेळ लागेल."
वसंत गाडी काढताना म्हणाला, "मला भाषण आधीच नीट वाचता येत असतं, तर तुला बोलावं लागलं नसतं." रिक्षावाले बघत होते म्हणून रडले नाही.
दुपारी तिसगावच्या कौसाबाईचा फोन. गेल्या वर्षी माझ्या शब्दावर तिने थोरल्या मुलीला वसतिगृहात ठेवलं होतं. वसंतने स्पीकर लावला.
"ताई, तुमी बोलल्याबगर आमाला निगाल्यासारखं वाटत न्हाई. औंदा कसं हुयाचं?"
मी फोनशी नुसता श्वास घेतला. "हाय का ताई? हाय का?"

२ ऑक्टो., गुरु.
मोबाईलवर माझंच जुनं भाषण ऐकलं. त्या बाईचा हेवा वाटला. केवढी उधळपट्टी! एकेक शब्द तीनतीनदा.

५ ऑक्टो., रवि.
तिसगावहून आत्ताच परत.
वसंत कागद घेऊन उभा राहिला. मी लिहिलेली आग त्याने सुट्या भागांची यादी वाचावी तशी वाचली. मागून एक बाई ओरडली, "दाजी, जेवला न्हाई का? जोरात!" हशा. मी पहिल्या रांगेत, ओठ घट्ट.
त्याने कागद घडी करून खिशात घातले. म्हणाला, "ही घरीबी हेच बोलती. मला पाठ हाय. पोरी ठेवून जावा. आज तिला बोलता येत न्हाई, म्हणून मी सांगतो. ठेवून जावा."
संपलं. दोन मिनिटंही नाहीत.
कौसाबाई उठली. "ताईचं लांबतं. दाजीचं बरं हाय, सैपाकाला येळ मिळतो." पुन्हा हशा. मग बसता बसता म्हणाली, "माजी थोरली हितंच ऱ्हाईल. धाकलीबी."
आनंद झाला. आणि जळले. दोन्ही लिहून ठेवते. त्या क्षणी माझा आवाज तिथे असायला हवा होता.

७ ऑक्टो., मंगळ.
तपासणी. उजव्या तंतूवर ठिपका. जखमेचा व्रण की नवी वाढ, महिन्याने कळेल. उद्यापासून दिवसाला पाच मिनिटं बोलायला परवानगी. पाच मिनिटं! माझं नुसतं प्रास्ताविक तेवढं असायचं.

८ ऑक्टो., बुध.
सकाळी वसंत डबा घेऊन निघाला. पूर्वी मी रोज गच्चीवरून त्याला नावाने हाक मारायचे, गल्लीभर ऐकू जायची. नवऱ्याला नावाने हाक मारते म्हणून सासरच्या गावाने नावं ठेवली होती. दोन आठवडे तो हाकेशिवाय गेला.
आज गच्चीवर गेले. खाली फाटकाशी तो स्कूटर घेऊन उभा. सुरू करत नव्हता. वरही बघत नव्हता.
तोंड उघडलं. श्वास घेतला. नाव जिभेवर आलं, आणि भीती वाटली, फाटका आवाज निघाला तर? दुसऱ्याच कुणाचा निघाला तर?
तो तसाच उभा, घड्याळ बघण्याचं नाटक करत. कारखान्याची वेळ टळून गेली होती.
माझी पाच मिनिटं अजून पुरी शिल्लक होती.