यंत्र सुस्थितीत आहे

१२ मार्च २०२३

घेतला! चेनवाला डोझर, पिवळा, सन १९८७ चा. आमच्याच जुन्या कचेरीच्या लिलावात. माझ्यासमोर दोघेच होते, दोघेही भंगारवाले. ते मशीनभोवती फिरून वजनाचा अंदाज घेत होते. मी लॉगबुक मागितलं. फरक आहे तो इथे! बत्तीस वर्षं यांत्रिकी विभागात कारकुनी केली आहे, मशीन कशी पारखायची ते मला कोणी शिकवू नये.

लॉगबुक म्हणजे नमुना. दर अडीचशे तासांनी तेल बदललं, ग्रीस भरलं, फिल्टर साफ केलं. प्रत्येक पानाखाली शेरा — यंत्र सुस्थितीत आहे. जिल्हा फुटला त्या वर्षी मशीनचे अर्धे कागद गोंदियाला गेले, मशीन भंडाऱ्यातच राहिली, तरी नोंद एका दिवसाची चुकली नाही. कुठे खाडाखोड नाही. आणि अक्षर काय सुरेख! माझंच.

मंगलाला आज सांगितलं. आधी सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "ऑटो घेतला असता तं मले दवाखान्यात तरी नेता आलं असतं."

१५ मार्च

ट्रेलरवरून डोझर गावात, करडीला आला. फाटकातून आत जाईना, म्हणून घरासमोर रस्त्यालगत उभा केला. अख्खं गाव जमलं. सगळ्यांचा एकच प्रश्न — "कायले घेतला जी बाबूजी?" प्रत्येकाला सांगितलं: गावतलावात चाळीस वर्षांचा गाळ आहे. तो काढायचा, शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरने आपापल्या धानाच्या बांध्यांत न्यायचा. पोकलेनवाले इतक्या आत उतरत नाहीत. लोकांनी माना डोलावल्या. मग एकाने ॲव्हरेज विचारला.

१८ मार्च

सुरू होत नाही.

मंगलाने ब्लेडवर मुंगवड्या वाळत घातल्या आहेत. म्हणते, लोखंड तापतं, एका दिवसात कडक होतात. घेतल्यापासून मशीनने केलेलं हे पहिलं काम.

२० मार्च

मोहाडीला जाऊन भैय्यालालला गाठलं. आमच्या कचेरीतला ऑपरेटर. घरात हातमाग, पण हा पठ्ठ्या डोझरवर चढला तो अठरा वर्षं याच मशीनवर. रिटायर होऊन सहा वर्षं झाली. दारात आला, माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. म्हणालो, डोझर घेतला आहे. "कोनता?" नंबर सांगितला. "उद्या येतो," म्हणाला. रोजी किती देणार हेसुद्धा विचारलं नाही! म्हाताऱ्याला मशीनचं वेड, दुसरं काय.

२१ मार्च

सकाळपासून वाद. भैय्यालालला नारळ फोडल्याशिवाय चेन हलवायची नाही. मंगलाचं म्हणणं, आमच्या घरात छप्पन सालापासून नारळ फक्त भाजीत पडतो. शेवटी ब्लेडसमोर मेणबत्ती लावली, पंचशील घेतलं. भैय्यालाल हात जोडून शेवटपर्यंत उभा राहिला. नंतर पाहिलं तर सीटखाली लिंबू-मिरची बांधलेली. मी पाहिली हे त्याने पाहिलं. 

अर्ध्या तासात इंजिन सुरू! धूर इतका की मंगलाने वाळत घातलेले कपडे परत धुवायला टाकले.

मग त्याने विचारलं, "फायनलमंधी तेल पाह्यलं का जी?" फायनल म्हणजे चेन फिरवणाऱ्या गिअरची पेटी. मी लॉगबुक उघडून दाखवलं — २०१६ साली पूर्ण दुरुस्ती, नवे गिअर, नवं तेल. त्याने ओळीवर बोट ठेवून वाचलं. वही मिटून परत दिली. "तुमी लिवलं हाये म्हंजे असनच."

असा विश्वास हल्ली कोण ठेवतं? बरं वाटलं.

६ एप्रिल

काम जोरात. चाळीस-पन्नास ट्रॅक्टर गाळ रोज जातो. तलावाच्या पाळीवर छत्री घेऊन बसतो. येणारे-जाणारे 'जयभीम मालक' म्हणतात. बत्तीस वर्षांत बाबूचा मालक कधी झालो नव्हतो.

१४ एप्रिल

जयंती. पोरांनी डोझरला निळ्या पताका लावल्या, मिरवणुकीत पुढे न्यायचा म्हणाले. सरपंच शकुनबाईंनी हात जोडले — चेन डांबर उखडते, रस्ता मागच्या महिन्यातच झाला आहे. तो रस्ता तर बिनचेनच्या सायकलीनेही उखडतो आहे, पण बोललो नाही.

२ मे

तलावाच्या मधोमध 'कड्' असा आवाज. डावी चेन थांबली. डोझर जागच्या जागी गोल फिरला आणि उभा राहिला.

३ मे

फायनल उघडली. तेलाचा थेंब नाही. गिअरचे दात झिजून सपाट. भैय्यालाल म्हणाला, हे गिअर कंपनीतून आले तेच, कधी बदललेच नाहीत.

मी म्हणालो, लॉगबुकात तर — आणि तिथेच थांबलो.

लॉगबुक कसं भरलं जायचं हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक? महिन्याच्या तीस तारखेला चहा मागवायचा आणि एका बैठकीत तीस दिवस लिहायचे. तेल कुठे जायचं ते साहेबांना माहीत. मी फक्त ते बदललेलं दाखवायचो. हे सगळं ठाऊक असून लिलावाच्या दिवशी मी तीच पानं वाचून खूश झालो! कागद पिवळा पडला की आपलं खोटंही खरं वाटायला लागतं. भंगारवाले मशीनभोवती फिरत होते, मी स्वतःच्या अक्षराभोवती.

५ मे

पाटबंधारे खात्याचं पत्र. निस्ताराचं, म्हणजे गुरांना नि वापरायला लागणारं, पाणी १९ मे रोजी कालव्याने तलावात सोडणार. धावत शकुनबाईंकडे गेलो, आठ दिवस पुढे ढकला म्हणालो. त्या म्हणाल्या, "बाबूजी, जनावरायनं तहान कुठं ढकलावी?"

पाणी चढलं की डोझर बुडणार. इंजिन, सगळंच. रिटायर झाल्यावर मिळालेले सगळे पैसे यातच गेले, बाकी काही उरलेलं नाही माझ्याकडे, पेन्शनीशिवाय.

७ मे

जेवताना मंगला म्हणाली, "हाच ना तो भैय्यालाल? ज्याच्या पगारवाढी बंद झाल्या होत्या?"



२००८ च्या पावसाळ्यात याच डोझरचं इंजिन जाम झालं. तेल कधी घातलंच नव्हतं. साहेब म्हणाले, नोंद करा. मी मागची तारीख टाकून लिहिलं — तेल बदलले, चालकास रोज पातळी तपासण्याची सूचना दिली. चौकशीत ती ओळ वाचली गेली. हलगर्जीपणा म्हणून भैय्यालालच्या दोन पगारवाढी थांबल्या, मुकादमाची जागा मिळायची होती तीही गेली. हुकूम साहेबांचा होता, पेन माझं होतं.

विसरलो होतो असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो. दारात तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला तेव्हाही मला कळत होतं. लाज वाटते आहे. या वहीत लिहितानाही वाटते आहे.

११ मे

नागपूरला जाऊन गिअर मिळवले. कोणाकडे? लिलावातल्याच भंगारवाल्याकडे! त्याच जातीचा डोझर त्याने कापून ठेवला होता. तो हसला नाही, हा त्याचा मोठेपणा.

१६ मे

पारा सेहेचाळीस. भैय्यालाल सकाळपासून डोझरच्या पोटाशी उताणा. मी पाने हातात देतो. निम्मे चुकीचे देतो. बत्तीस वर्षं या अवजारांची यादी लिहिली, एकही ओळखता येत नाही.

दुपारी डबा खाताना विचारलं, "भैय्यालालजी, तुमी आले काहून?"

तो भाकर मोडत म्हणाला, "मशीनची काई चूक नोती जी."

माझी होती असं म्हणायला हवं होतं. मी लोणचं पुढे केलं.

१९ मे

पाणी सकाळीच सोडलं. कालव्याच्या तोंडातून आधी कचरा आला, मग पाणी. पाळीवर गाव बसलेलं, सोबत जनावरं. भैय्यालाल शेवटचे बोल्ट आवळत होता आणि पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं. मी ओरडलो, राहू द्या, बाहेर या. त्याने मानही वर केली नाही.

मग धूर. मग चेन हलली, दोन्ही. डोझर पाणी कापत पाळीवर चढला. शकुनबाईंनी टाळ्या वाजवल्या. मी रडलो. मंगलाने लोकांना सांगितलं, धूर गेला डोळ्यांत.

२२ मे

तेल बदललं. डबा स्वतः आणला, झाकण स्वतः उघडलं, काडी घालून पातळी पाहिली, मग नोंद केली. अक्षर वाकडं आलं.

२९ मे

कचेरीला अर्ज लिहिला. २००८ ची नोंद खोटी, मागची तारीख टाकून १४ ऑगस्टला माझ्या हाताने केलेली, चालक निर्दोष, त्याचं नुकसान भरून द्यावं. चार वेळा लिहून फाडला. मंगलाने पाचवा वाचला. पेन्शनीला हात लागला तर? तिने विचारलं नाही. म्हणाली, "त्याईले आधी वाचून दाखवा."

१ जून

मोहाडीला जाऊन भैय्यालालला अर्ज वाचून दाखवला. पूर्ण ऐकला त्याने. मग म्हणाला, "एक चुकलं जी. थे ओळ तुमी चौदा ऑगस्टले नाई लिवली. सोळाले लिवली, झेंडावंदनाच्या दुसऱ्या रोजी. मी दारातच उभा होतो."

तारीख दुरुस्त केली.